कातळाखालचे ताडबन : एका साक्षीचा इतिहास

महाराष्ट्राच्या इतिहासाची पुस्तके बहुधा सातवाहनांपासून सुरू होतात; फार तर लेखक जोर्वे-इनामगावपर्यंत मागे जातो. त्यापूर्वीचा सगळा काळ 'भौगोलिक पार्श्वभूमी' नावाच्या एका परिच्छेदात उरकला जातो. ज्वालामुखीचा रस उसळला, थरावर थर साचले, पठार तयार झाले, नद्यांनी ते कोरले. मग माणूस आला आणि खरा इतिहास सुरू झाला. आपल्या कवितेनेही या भूमीचे गुणगान बहुतेक वेळा दगडाच्या अंगानेच केले आहे. त्यामुळे मनात एक चित्र पक्के बसते : हा प्रदेश मुळातच कातळाचा, आणि झाडे ही त्यावर नंतर चढलेली हिरवी शाल.

हे चित्र अपुरे आहे. दख्खनचा लाव्हा एका दमात वाहिला नाही. एक प्रवाह येई, थंड होई, मग पुढचा येईपर्यंत मध्ये उसंत मिळे. ती कधी थोड्या वर्षांची असे, तर कधी हजारो वर्षांची. तेवढ्या उसंतीत कातळ झिजे, खळग्यांत पाणी साठून तळी होत, काठाला माती धरे, आणि त्या मातीत रान उगवे. मग पुढचा लाव्हा येऊन ते सारे झाकून टाकी. दोन प्रवाहांमधल्या या गाळाच्या पातळ थरांना भूशास्त्रज्ञ 'इंटरट्रॅपियन' म्हणतात. आपण त्यांना मधले थर म्हणू. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, मंडला, दिंडोरी या पट्ट्यात, म्हणजे जिथे लाव्हाचा पसारा पूर्वेकडे विरळ होत जातो तिथे, हे थर ठिकठिकाणी उघडे पडले आहेत. त्यांत अश्मीभूत लाकूड सापडते. त्या लाकडाने काय सांगितले, ते कोणी कसे वाचले, आणि त्या वाचनातले काय टिकले नि काय गळाले, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय भूशास्त्राचा असला तरी प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. हाती आलेल्या पुराव्याला कोणता प्रश्न विचारावा आणि कोणता विचारू नये, हा तो प्रश्न.

लाकूड दगड कसे होते, ते आधी पाहू. लाकडाचा 'दगड झाला' असे आपण सहज म्हणतो, पण प्रत्यक्षात लाकडात दगड शिरलेला असतो. झाड तळ्यात पडते आणि गाळाखाली जाते. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे कुजणे मंदावते. भोवतीचा लाव्हा नि राख झिजताना पाण्यात सिलिका विरघळते. हे पाणी लाकडाच्या पेशीपेशींत मुरते, आणि सिलिका हळूहळू पेशींच्या पोकळ्यांत व भिंतींत बसत जाते. शेवटी हाती येते ती गारेची वस्तू, पण तिच्यातली प्रत्येक पेशी आपल्या जागी शाबूत असते. ज्या सिलिकेने दख्खनच्या कातळातल्या पोकळ्या अकीक आणि गारगोट्यांनी भरल्या, त्याच सिलिकेने ही झाडेही भरली. नागपूरजवळच्या माहुरझरीचे नाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना तिथल्या शिळावर्तुळांमुळे आणि दगडी मण्यांच्या जुन्या उद्योगामुळे ठाऊक असते. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच माहुरझरीला अश्मीभूत लाकडांसाठी ओळखतात. एकाच गावाची दोन शास्त्रांत दोन वेगळी कीर्ती असावी, आणि दोन्हींच्या मुळाशी गारेचा दगड असावा, हा योग मोठा मजेचा आहे.

या लाकडाची पहिली छापील नोंद आहे १८३३ सालची. सागर येथे असलेले इंग्रज शल्यवैद्य हेन्री स्प्राय यांनी त्या पठारावर सापडलेल्या अश्मीभूत ताडांविषयी आणि शिंपल्यांविषयी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात टिपण लिहिले. त्या काळी हा विषय फावल्या वेळेचा होता. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेला स्लीमन याच मुलखातला अधिकारी. त्याने १८२८ मध्ये जबलपूरजवळ प्रचंड हाडे उचलली, ती पुढे डायनोसॉरची ठरली. लष्करी डॉक्टर, सर्वेक्षक आणि अधिकारी मुक्कामाच्या आसपास भटकत, चमत्कारिक दगड गोळा करत आणि कलकत्त्याला किंवा लंडनला पाठवत. ताड ओळखणे त्यांना अवघड गेले नाही, याचे कारण ताडाच्या खोडाची रचनाच बोलकी असते. तिच्याकडे पुढे येऊच.

नागपूरचा अध्याय स्टीफन हिस्लॉपचा. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला, तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. शहरालगतच्या टाकळीच्या थरांत त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला फळे, बिया, पाने, कीटकांचे अवशेष आणि शिंपले मिळाले. दोघांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली आला. तोवर राज्य खालसा झाले होते. हिस्लॉपचे कुतूहल दगडापुरते नव्हते. गोंडांच्या लिंगोचे गीत त्याने टिपून ठेवले, आणि ती टिपणे त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेम्पलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला हिस्लॉप भेटतो तो त्या पुस्तकात. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. नागपुरात त्याच्या नावाचे महाविद्यालय आजही आहे, पण त्याच्या नावाशी टाकळीच्या बियांची आठवण फारशी कुणी जोडत नाही.

हिस्लॉपच्या १८६० च्या निबंधाच्या शीर्षकातच त्याचे मत होते : ट्रॅपसोबतचे हे थर 'टर्शरी' आहेत, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या युगातले आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या लोकांचा कल मात्र त्याआधीच्या क्रिटेशस युगाकडे होता. हा वाद जवळजवळ सव्वाशे वर्षे चालला, आणि त्यात एका टप्प्यावर सगळ्यांत वजनदार साक्षीदार म्हणून उभे राहिले ते ताडाचे लाकूड.

आता ही साक्ष वाचतात कशी? अश्मीभूत लाकडाच्या तीन चकत्या कापतात : एक आडवी, एक उभी मध्यातून जाणारी, एक उभी कडेला समांतर. प्रत्येक चकती काचेवर चिकटवून घासत घासत इतकी पातळ करतात की तिच्यातून प्रकाश आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात. तिथे पाहायच्या गोष्टी अनेक, पण साधारण वाचकाने दोन ध्यानात ठेवल्या तरी पुरे.

पहिली वलये. विदर्भातल्या घरांत सागवानी तुळया, दारे, पाट असतात. सागाच्या फळीवर वलये स्वच्छ दिसतात. पावसाळ्याच्या तोंडी झाड मोठ्या वाहिन्या घालते, पुढे लहान, आणि उन्हाळ्यात पाने गाळून थांबते. थांबणे आणि पुन्हा सुरू होणे यांची खूण म्हणजे वलय. ज्या रानात वर्षभर ऊब आणि ओल असते, तिथल्या झाडाला थांबण्याचे कारणच नसते; त्याच्या लाकडात वलय पुसट असते किंवा नसतेच. दुसरी गोष्ट वाहिन्यांची. पाणी मुबलक असेल तर रुंद वाहिनी फायद्याची, कारण ती पाणी भराभर चढवते. पण दुष्काळात किंवा हिमात रुंद वाहिनीत हवेचे बुडबुडे शिरतात आणि ती निकामी होते. म्हणून कोरड्या आणि थंड प्रदेशांतली झाडे अरुंद, पण पुष्कळ वाहिन्यांवर भर देतात. मधल्या थरांतल्या लाकडांमध्ये वलये बहुधा पुसट किंवा गैरहजर, आणि वाहिन्या साऱ्या लाकडात सारख्या पसरलेल्या आढळतात. ज्या मातीत आज सागाची पानगळीची राने आहेत, त्याच मातीखाली सागाहून वेगळ्या सवयीची झाडे निजली आहेत.

ताडाची गोष्ट आणखी वेगळी. ताड, नारळ, सुपारी, शिंदी ही एकदल झाडे. त्यांच्या खोडाला आंबा-सागासारखी दरवर्षी जाड होण्याची सोयच नाही. आडव्या छेदात वलय नसते. तंतूंच्या जाड टोप्या घातलेल्या वाहिन्यांचे पुंजके ठिपक्यांसारखे विखुरलेले दिसतात. नारळाचे खोड करवतीने कापलेले ज्याने पाहिले आहे त्याला हे सांगायला नको. अश्मीभूत ताडलाकडाला वनस्पतिशास्त्रात 'पाल्मॉक्सिलॉन' म्हणतात. ताडाला एकच वाढता शेंडा असतो आणि तो हिवाळ्यात झोपू शकत नाही. कडक थंडीने शेंडा मेला की झाड गेले. म्हणून कुठल्याही जुन्या थरात ताड भरपूर सापडले, तर त्या काळी तिथे कडाक्याची थंडी नव्हती, एवढे निर्धास्त म्हणता येते. मधल्या थरांत ताड भरपूर आहेत. खोडे, मुळे, फळे, सारे.

ही साक्ष पद्धतशीरपणे वाचण्याचे श्रेय बीरबल साहनी यांना जाते. जन्म १८९१, पंजाबातल्या भेऱ्याचा. शिक्षण लाहोर आणि केंब्रिजला. १९२१ पासून लखनौ विद्यापीठात. त्यांच्या बुद्धीचा आवाका पाहायचा तर वनस्पतिशास्त्राबाहेरचे एक उदाहरण पुरेल : रोहतकजवळच्या खोकराकोट येथे मिळालेल्या यौधेयांच्या नाण्यांच्या मातीच्या साच्यांवरून प्राचीन भारतात नाणी कशी ओतत, यावर त्यांनी १९४५ मध्ये लिहिलेला प्रबंध नाणकशास्त्रात आजही नावाजला जातो. साचा पाहून नाणे ओळखणारा माणूस दगडातल्या पेशींकडे पाहतो तेव्हा काय शोधत असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

१९३३ मध्ये के. पी. रोडे यांनी छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलाँ येथल्या गारेतून फळे वर्णिली. त्यांत 'निपा'चे फळ होते. निपा हा खाडीच्या चिखलात उगवणारा बुटका ताड. आज तो सुंदरबनात आणि अंदमानात दिसतो. सातपुड्याच्या अंगाखांद्यावर, कुठल्याही किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, खारफुटीच्या वनस्पतीचे फळ! साहनींनी या शोधाचे मर्म ताबडतोब ओळखले. मोहगावच्या जवळ तेव्हा खारे पाणी असले पाहिजे. समुद्राचा एखादा फाटा आत आलेला असला पाहिजे. इथवर त्यांचा तर्क झाडाच्या जगण्याच्या सवयीवर उभा होता.

पण त्यांना दुसराही प्रश्न सोडवायचा होता : लाव्हाचे वय. त्याच १९३३ साली रीड आणि चँडलर या दोन अभ्यासक महिलांचा लंडनच्या चिकणमातीतल्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्या इओसीन काळातल्या मातीत निपाची फळे रेलचेल होती. मोहगावात निपा, लंडनमध्ये निपा. शिवाय दोन्हीकडे ताडांचा सुकाळ. तेव्हा मोहगावचे थरही इओसीनचे, आणि ते ज्या लाव्हांच्या मध्ये सापडतात ते लाव्हाही टर्शरी युगातले, असा साहनींचा निष्कर्ष. १९३४ मध्ये त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये हा प्रश्न मांडला, आणि १९४० साली मद्रासच्या विज्ञान परिषदेत अध्यक्ष म्हणून जे भाषण केले त्याचे शीर्षकच 'दख्खन ट्रॅप : टर्शरी युगातील एक प्रकरण' अशा अर्थाचे होते. शीर्षकात एखाद्या कादंबरीचा थाट आहे. विषयाला शोभणाराही आहे, असे मला वाटते.

आपल्या क्षेत्रात अशी उदाहरणे कमी नाहीत. 'विवेकसिंधू'च्या काळाचा वाद आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. ग्रंथातली कालनिर्देशाची ओवी मूळची की मागाहून घुसडलेली, हा त्यातला एक धागा. दुसरा धागा भाषेचा : अमुक रूपे यादवकालीन गद्यात दिसतात, म्हणून ग्रंथ तितकाच जुना. या दुसऱ्या युक्तिवादात एक गृहीत दडलेले असते. ते रूप त्या काळापुरतेच होते, त्याच्या आधी नव्हते, नंतर टिकले नाही, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एखादे रूप एका प्रांतात दोनशे वर्षे आधी रुळलेले असू शकते. निपाच्या बाबतीत नेमके हेच घडले. लंडनच्या मातीत निपा विपुल आहे, म्हणून निपा इओसीनचाच, हे गृहीत साहनींच्या हाती असलेल्या पुराव्यांच्या मानाने वाजवी होते. पुढे निपाचे परागकण क्रिटेशसच्या अखेरच्या थरांतूनही मिळाले. निपा लंडनला पोचण्याच्या कितीतरी आधीपासून उष्ण किनाऱ्यांवर नांदत होता.

साहनींचे आणखी एक वाचन इथे नोंदवले पाहिजे, कारण ते लाकडाचेच आहे. राजमहाल टेकड्यांतल्या एका अश्मीभूत लाकडात वाहिन्याच नव्हत्या; १९३२ मध्ये त्यांनी ते आदिम सपुष्प वृक्षाचे ठरवले. वाहिन्या नसलेली काही सपुष्प झाडे आजही आहेत, त्यामुळे तर्क निराधार नव्हता. पण ते लाकूड नामशेष झालेल्या अपुष्प गटातले असावे, असे पुढच्या अभ्यासकांना दिसले. १९५४ मध्ये बोस आणि साह यांनी त्याला नवे नाव दिले, आणि ते साहनींच्या नावावरून दिले : 'साहनिऑक्सिलॉन'. मत खोडून काढताना नावाने मान देण्याची ही रीत आपल्या समीक्षेत का रुजली नाही, कोण जाणे.

लखनौत साहनींनी १९४६ मध्ये पुरावनस्पतींची संस्था काढली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीची पायाभरणी झाली; कोनशिलेत साहनींनी जीवाश्म बसवून घेतले होते. त्यानंतर आठवडाभरातच, १० एप्रिलला, ते वारले. संस्था त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी पुढे नेली. दख्खनच्या वयाचा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता, आणि पुढची काही दशके पाठ्यपुस्तकांत दोन्ही मते शेजारी शेजारी नांदली.

तो सुटला तो लाकडावाचून. १९८८ साली 'नेचर'मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी लाव्हातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढलेली वये प्रसिद्ध केली. ती साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे क्रिटेशस आणि टर्शरी यांच्या सीमेलगत येत होती. पुढच्या अधिक काटेकोर मोजणीने लाव्हाचा मुख्य भाग दहा लाख वर्षांहून कमी अवधीत, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या त्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे, वाहिल्याचे दाखवले. मधल्या थरांत डायनोसॉरचे अवशेष मिळाल्याने क्रिटेशसची बाजू आधीच बळकट होत होती. पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या आधारे ही बाजू मांडणाऱ्यांत अग्रभागी होते चंदीगडचे अशोक साहनी, बीरबल साहनींचे सख्खे पुतणे. काकांच्या मताला पुतण्याने दिलेला हा छेद कुठल्याही भांडणाविना पार पडला. साहित्याच्या दुनियेत वावरणाऱ्यांना त्याचे थोडे नवल वाटेल.

पण गोष्ट इतकी सरळही नाही. २००९ मध्ये गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी छिंदवाडा जिल्ह्यातल्याच झिलमिली येथील मधल्या थरात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे दाखवली, आणि ती सीमा ओलांडल्यानंतरच्या, टर्शरीच्या अगदी आरंभीच्या काळातली होती. याचे दोन अर्थ निघतात. एक, लाव्हाच्या काही थरांपुरते 'टर्शरी युगातील प्रकरण' हे शीर्षक खरे ठरते. फक्त इओसीन नव्हे. दुसरा अर्थ अधिक मोलाचा : समुद्राचे पाणी खरोखरच मध्य भारतात आत आले होते. निपाच्या फळावरून साहनींनी काढलेल्या दोन निष्कर्षांपैकी वयाचा डळमळला आणि खाऱ्या पाण्याच्या निष्कर्षाला सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी स्वतंत्र साक्षीदार मिळाला. फळ तेच. साम्यावर उभारलेला तर्क ढासळला, आणि झाड कसे जगते यावर उभारलेला टिकला.

लाकडाचेही तसेच झाले. वयाच्या वादात कुठलाही पक्ष जिंको, वलयांचा अभाव आणि ताडांची गर्दी यांवरून काढलेले हवामान बदलले नाही : उबदार, ओले, थंडीची बाधा नसलेले. ओळखलेल्या कुळांची यादीही तेच सांगते. त्यात रुद्राक्षाच्या कुळातले लाकूड आहे, समुद्रफळाच्या जवळचे आहे, महारुखाच्या जवळचे आहे. यांतल्या कित्येकांचे आजचे भाऊबंद पाहायचे तर सह्याद्रीच्या सदाहरित राईत, अंदमानात किंवा मलायात जावे लागते. ज्या भूखंडावर ही झाडे होती तो तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आशियाला टेकलेला नव्हता आणि उत्तरेकडे सरकत होता. पुढे भूखंड सरकला, पर्वत उठले, पावसाचे वेळापत्रक बदलले. मध्य भारतातून ओले रान मागे हटले आणि सागाने जागा घेतली.

मात्र इथेही सावधगिरी हवी, आणि लोकप्रिय लेखनात ती नेमकी सुटते. दगड होण्याचे भाग्य तळ्याकाठच्या झाडाला मिळते. लांबच्या उंचवट्यावरचे झाड तिथेच कुजून जाते. त्यामुळे मधले थर आपल्याला पाणथळ जागेचे रान दाखवतात. त्यावरून साऱ्या दख्खनवर एकसंध वर्षावन पसरले होते असे म्हणणे म्हणजे नदीकाठच्या उंबरावरून माणदेशाचे वर्णन करणे. शिवाय लाकडाला आजच्या झाडाचे नाव देणे हेही जोखमीचे काम आहे. दिंडोरी जिल्ह्यातले घुघुवा हे याचे चांगले उदाहरण. तिथली अश्मीभूत खोडे १९७०च्या दशकात मंडल्याचे एक सरकारी अधिकारी धर्मेंद्र प्रसाद यांच्या नजरेस आली, आणि १९८३ मध्ये तिथे राष्ट्रीय जीवाश्म उद्यान जाहीर झाले. तिथल्या एका लाकडाला लखनौच्या संशोधकांनी १९८६ मध्ये निलगिरीचे, म्हणजे युकॅलिप्टसचे ठरवले. आज जी झाडे आपण ऑस्ट्रेलियाची म्हणून ओळखतो, इंग्रजांनी जी इथे आणून लावली, ती इथे आधीच होती, अशी बातमी वर्तमानपत्रांना फार आवडते. युकॅलिप्टसच्या निःसंशय पाना-फुलांचे सर्वांत जुने अवशेष मात्र दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियातले, ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. घुघुवाच्या लाकडाचे नाते त्या कुळाशी असेल, पण केवळ लाकडावरून प्रजातीचे नाव घेताना जीभ थोडी अडखळायला हवी. कूळ आणि हवामान हे लाकूड भरवशाने सांगते. नेमके नाव सांगायला फूल किंवा फळ लागते.

हवामानाच्या साक्षीचे याहून ठळक उदाहरण दख्खनबाहेरचे, पण शेजारचेच आहे. कच्छमध्ये आज बाभूळ आणि काटेरी झुडपे. तिथून १९५९ मध्ये एस. एस. घोष आणि ए. के. घोष यांनी साल-गर्जनच्या कुळातले अश्मीभूत लाकूड वर्णिले. त्यातले गर्जन आज अंदमानाच्या आणि ईशान्येच्या दमट रानात दिसतात. ते लाकूड दख्खनच्या लाव्हाहून पुष्कळच अलीकडच्या काळाचे आहे. कच्छचे वाळवंट, भूशास्त्राच्या मापाने पाहिले तर, कालपरवाचे म्हणायचे.

अलीकडच्या दोन गोष्टी सांगून थांबतो. २०१७ मध्ये एलिझाबेथ व्हीलर, रश्मी श्रीवास्तव, स्टीव्हन मँचेस्टर आणि पीटर बास यांनी मधल्या थरांतल्या लाकडांचा एकत्रित फेरआढावा घेतला. त्याच्या शीर्षकात त्यांनी या लाकडांना 'आश्चर्यकारकरीत्या आधुनिक' म्हटले आहे : जगात इतरत्र त्या काळाची लाकडे अजून जुन्या धाटणीची असताना भारतातल्या लाकडांत आजच्या उष्णकटिबंधीय झाडांची ठेवण दिसते. दुसरी गोष्ट विदर्भातली. पिसदुरा हे चंद्रपूर जिल्ह्यातले गाव, लाव्हाच्या खालच्या थरांतल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेसाठी प्रसिद्ध. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्या विष्ठेतले सिलिकेचे सूक्ष्म कण तपासले. बातमी गाजली ती गवताची, कारण डायनोसॉरच्या काळी गवत होते हे तोवर कुणी मानत नव्हते. पण त्याच कणांत ताडाचेही कण होते. ज्या ताडावरून काकांनी डायनोसॉर संपल्यानंतरचे युग ठरवले, तो ताड डायनोसॉरांनी खाल्ल्याचा पुरावा पुतण्याच्या चमूने त्यांच्या पोटातूनच काढला.

आणि २०१९ मध्ये केली मात्सुनागा यांनी मँचेस्टर, श्रीवास्तव, सेलेना स्मिथ आणि भंडाऱ्याच्या महाविद्यालयातले दशरथ कापगते यांच्यासह मधल्या थरांतल्या एका ताडफळाचे नाते नव्याने ठरवले. हे फळ ताडगोळ्याच्या व्यापक गोत्रातले निघाले. त्याचे अधिक जवळचे नातलग आज मादागास्करात आहेत. त्या गोत्राचा उगम त्यामुळे क्रिटेशसपर्यंत मागे गेला. लाकूड जे सांगू शकत नव्हते ते फळाने सांगितले. ही फळे ज्या गारेत सापडतात ती विदर्भ-महाकोशलात शेताच्या बांधावर रचलेली असते, नांगराला अडते म्हणून बाजूला काढून टाकलेली.